दुधाची गाठ

गाठ आहे हे मला आठ महिने माहीत होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की बिचारीला कळलंच नाही. कळलं होतं. डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, चिंचोक्याएवढी. आंघोळ करताना साबणाचा हात सरकला आणि तिथे अडला. दुसरी कोणी असती तर घाबरली असती. मला आनंद झाला.

हो, आनंदच. तुम्ही बरोबर वाचलं.

मी मासे विकते. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात आमचं घर आहे. माझा नवरा, म्हणजे मंगेशचे बाबा, गावतलावात जाळं टाकतात, पाणी उतरलं की वैनगंगेवरही जातात. मी आठवडी बाजारात पावशी, म्हणजे मोठी विळी, मांडून बसते आणि मासे कापून देते. माझ्या तोंडाला सहसा कोणी लागत नाही. "मासा ताजा आहे काय वो?" असं कोणी विचारलं की मी म्हणते, "नाई भाऊ, आजोबाच्या काळातला आहे, तुमच्यासाठीच ठेवला." माणूस हसतो आणि घेऊन जातो. अशी मी तोंडाची फटकळ. पण एका गोष्टीबद्दल बावीस वर्षं माझ्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता.

मंगेशच्या आधी मला एक मुलगी झाली होती. एकोणीस दिवस जगली. सकाळी अंग तापलं, दुपारी झटके आले, दवाखान्यात न्यायला जीप येईपर्यंत गेली. एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. आई सोबत जात नाही. जागाही तिला सांगत नाहीत, नाहीतर म्हणे तिचे पाय तिकडेच ओढतात. पुरुष माणसं कापडात गुंडाळून घेऊन गेली आणि हातपाय धुऊन परत आली.

संध्याकाळी माझी छाती भरून आली. पदर भिजला, पोलकं भिजलं. माझ्या सासूनं, तिला मी मायच म्हणते, जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला आणि माझ्या छातीवर आवळून बांधला. गाठ मारता मारता म्हणाली, "रडू नोको. रडलीस तं पुढच्या लेकराले लागते." पाच दिवस तो पट्टा होता. दगड बांधल्यासारखी छाती झाली, ताप चढला, मग हळूहळू सगळं ओसरलं. मी रडले नाही. पुढे मंगेश झाला, त्याला काही लागलं नाही. पण मायला मी मनातून माफ केलं नव्हतं. बावीस वर्षं तिला रांधून वाढलं, तिचे पाय चेपले, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं, तू मला रडू दिलं नाहीस.

तेव्हा शेजारची एक म्हातारी बोलून गेली होती, "बांधलेलं दूध सारंच जात नाई वो. थोडं आत गोठून राह्यते." ते माझ्या डोक्यात बसलं. म्हणून इतक्या वर्षांनी गाठ हाताला लागली तेव्हा मी म्हटलं, हे तिचं दूध. राहिलं होतं बिचारं आत. मंगेश याच छातीवर दोन वर्षं प्यायला हे मला आठवत नव्हतं असं नाही. पण माणसाला जे मानायचं असतं ते तो मानतो, मग कोणी कितीही डोकं फोडो.

मी त्या गाठीला जपलं. बाजारातून थकून आले की पदराआड हात घालून चाचपायची. आहेस ना बाई? असायची. थोडी थोडी वाढत होती. मला वाटायचं, पोरगी मोठी होऊन राह्यली. आज हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो, पण लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिलं पाहिजे. गाठ दुखत नव्हती. तुमचीही दुखत नसेल. दुखत नाही म्हणून ती चांगली असं समजू नका, एवढं माझ्याकडून पदराला बांधून ठेवा.

*

आमच्या गावची आशा सेविका वनिता. उपकेंद्रात बायकांची तपासणी आहे म्हणून ती तीनदा घरी आली. एकदा मी म्हटलं मासे सडतील, एकदा म्हटलं पाहुणे येणार, एकदा मागच्या दारानं निघून गेले. चौथ्या वेळी ती थेट बाजारात आली आणि माझ्या शेजारी पोत्यावर बसली. गिऱ्हाइकाला पिशवी धरून द्यायला लागली. शेवटचा मासा विकला गेला तशी उठली.

"आता तं मासे संपले. चाल."

"अवो, हातपाय तं धुऊ दे."

"तिथी नळ आहे."

उपकेंद्रातल्या नर्सबाईचा हात त्या जागेवर गेला आणि थांबला. तिनं पुन्हा दाबून पाहिलं. "किती दिवसांची आहे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आत्ताच दिसली. वनितानं माझ्याकडे असं पाहिलं की मला बाजारात शिळा मासा विकताना पकडल्यासारखं झालं.

मग चंद्रपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. आमच्या पायवाटेवर वाघाचा वावर आहे, म्हणून उजेड पडल्यावरच घर सोडायचं, फाट्यावरून एसटी धरायची, सिंदेवाही, मूल ही गावं करत दुपारच्या आत दवाखाना गाठायचा. मंगेश कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे, तो परस्पर यायचा. फोटो झाले, सोनोग्राफी झाली. मग सुईनं तुकडा काढायचा ठरला. सुई आत गेली तेव्हा मी नळीकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं, आता पांढरं येईल. लाल आलं. मी मनाशी म्हटलं, दूध अजून खोल असेल.

आठवड्यानं बोलावलं. डॉक्टरबाई पस्तिशीच्या असतील, आवाज हळू. समोर मी, बाजूला मंगेशचे बाबा. मंगेशला पेपर घेऊन खाली पाठवलं होतं. बाईंनी आडवळण घेतलं नाही.

"रेखाबाई, हा कॅन्सर आहे. अजून हाताबाहेर गेलेला नाही. ऑपरेशन करून डावा स्तन काढावा लागेल, मग औषधं. तुम्ही बऱ्या होऊ शकता."

मंगेशचे बाबा पंख्याकडे पाहायला लागले. पंखा बंद होता. मी म्हटलं, "नाई काढायचं."

त्यांना वाटलं मी भ्याले. बाईंनी चित्र काढून समजावलं. न काढलं तर काय होईल तेही सांगितलं, लपवलं नाही. नवरा म्हणाला, "मंगेशची माय, जिवापेक्षा मोठं आहे काय काही?" मी मान हलवत राहिले.

"भीती वाटते का?" बाईंनी विचारलं.

"नाई."

"मग काऊन नाही म्हणता?" त्या 'का' न म्हणता आमच्यासारखं 'काऊन' म्हणाल्या. तोवर त्या मला पुस्तकातल्या बोलीच्या वाटत होत्या. माझं काय झालं कोण जाणे, बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. पोरगी, पट्टा, गोठलेलं दूध, आठ महिने तिला चाचपणं. "तिचं एवढंच तं राह्यलं आहे माह्याजवळ," मी म्हटलं. "तेबी कापून नेता?"

नवऱ्यानं दुपट्टा तोंडावर धरला. मला वाटलं, आता ही बाई हसणार, नाहीतर अडाणी म्हणून रागावणार. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. त्यांनी विचारलं, "किती दिवसांची होती?"

बावीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

"एकोणीस," मी म्हटलं.

"चला माझ्यासोबत," त्या उठल्या.

*

एका अरुंद खोलीत दुर्बिणी मांडल्या होत्या. तिथल्या चष्मेवाल्या डॉक्टरांना बाईंनी काही सांगितलं. ते उठले आणि त्यांचं स्टूल मला दिलं. माझ्या गाठीच्या तुकड्याची काचेची पट्टी दुर्बिणीखाली लावली. म्हणाले, "डोळे मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा आणि घाई करू नका."

आधी नुसता उजेड दिसला. मग तो निवळला.

माय वो! काय सांगू? मला वाटलं होतं काहीतरी काळं, सडकं, किड्यासारखं असेल. तिथे गुलाबी धाग्यांचं जाळं होतं आणि त्यात जांभळे ठिपके, इतके की नजर पुरेना. मासा चिरला की पोटात अंडी दिसतात ना खच्चून भरलेली, तसे. जन्मभर मी दुसऱ्यांची पोटं चिरली, माझं आतलं असं असेल हे मला स्वप्नातही दिसलं नव्हतं. खरं सांगते, ते सुंदर होतं. ज्यानं मला मारायचं ठरवलं होतं ते सुंदर होतं. मी तोंडाचा आ वासून पाहत राहिले.

"हे धागे तुमचे चांगले आहेत," बाई बाजूनं सांगत होत्या. "हे जांभळे, यांना थांबायचं कळत नाही. वाढतच राहतात."

"यात दूध कुठी आहे?"

"नाही, रेखाबाई. दूध नाही यात."

मी पुन्हा पाहिलं. सगळीकडे नजर फिरवली. खरंच पांढरं काही नव्हतं.

"मग कुठी गेलं?"

बाई माझ्याजवळ वाकल्या. "बाळ प्यालं नाही की शरीर ते दूध परत घेतं. हळूहळू रक्तात जिरतं. तुमचं त्याच दिवसांत जिरलं असणार. ते बाहेर कुठे गेलं नाही, साठूनही राहिलं नाही. तुमच्याच अंगाला लागलं."

माझ्या अंगाला लागलं! म्हणजे ज्या हातांनी मी बावीस वर्षं टोपली उचलली, मंगेशला पाठीवर घेऊन धानाच्या बांधावरून चालले, त्या हातांत तिचं दूध होतं. मी एका चिंचोक्यात तिला शोधत होते, आणि ती अंगभर जिरली होती. मी त्या स्टुलावर बसूनच रडले. नीट, मोठ्यानं, गळा काढून रडले. चष्मेवाले डॉक्टर बाहेर जाऊन दारात उभे राहिले, कोणाला आत येऊ देत नव्हते. त्या माणसाचं नावही मला माहीत नाही. देव त्याचं भलं करो.

*

बाहेर बाकड्यावर मंगेशचे बाबा बसले होते. मी शेजारी बसल्यावर खाली मान घालून म्हणाले, "तलावाच्या पाळीखाली आहे ती. मोठ्या मोहाच्या झाडाच्या उगवतीले. मी रोज तिथूनच जातो."

"रोज?"

"जाळं घेऊन जातानी."

माझं डोकंच फिरलं. हा माणूस बावीस वर्षं रोज तिच्याजवळून जातो, संध्याकाळी माझ्या हातची भाकर खातो, आणि मला सांगत नाही! "तुमचं तोंड शिवलं होतं काय?" मी अख्ख्या दवाखान्यासमोर ओरडले. ते म्हणाले, "मायनं सांगू नोको म्हटलं होतं." म्हणजे पुन्हा मायच. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीच भात लावला, करपवला, आणि मुकाट्यानं खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हटलं, दाखवा. गेलो. तलावाच्या बांधाखाली काही नव्हतं. गवत होतं, शेळ्यांच्या लेंड्या होत्या, मोहाची पानं पडली होती. मी गवतावर हात ठेवून बसले. जमीन उन्हानं कोमट झाली होती. मंगेशचे बाबा थोडे लांब उभे राहिले, मग तेही येऊन बसले. आम्ही दोघं तिथे एकत्र पहिल्यांदाच आलो होतो. घरी येऊन मी मंगेशला फोन केला, ऑपरेशनचं नक्की कर म्हणून सांगितलं.

कागदावर सही मीच केली. दहावी शिकलेय, अंगठा कशाला लावू?

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही, झोपवलं आणि उठवलं. उठले तेव्हा एका बाजूला नळी, पिशवी आणि जडशीळ पट्ट्या. वॉर्डात माझ्या बाजूच्या खाटेवर भामरागडकडची एक बाई होती. तिला फक्त गोंडी येत होती, मला गोंडीचा ओ की ठो कळत नव्हता. तिच्या भावानं सांगितलं, नदीला पूर होता, रस्ता बंद होता, तिला डोंग्यातून पार केलं, मग खाटेवर घालून पुढे आणलं. आणि मी? बाजारापासून उपकेंद्रापर्यंत यायला महिनोन्महिने बहाणे केले. लाज वाटली मला. माझा हात उचलत नव्हता म्हणून ती माझा डबा उघडून द्यायची, मी तिला एका हातानं भाकरीचा तुकडा मोडून द्यायचे. सात दिवस आमचं सगळं बोलणं असंच झालं, आणि काही म्हणता काही अडलं नाही.

मग औषधांचे डोस. बायांनो, खोटं सांगत नाही, ते वाईट असतात. केस उशीवर राहतात. तोंडाला लोखंडाची चव येते. आणि माझी तर देवानं थट्टाच केली, मासेवालीला माशाचा वास सहन होईना! नवरा तळ्यावरून आला की मला उलटी. तो बिचारा विहिरीवर साबण लावून आंघोळ करायचा, तरी मी नाक मुरडायचे. "आता काय कातडी सोलून येऊ?" एकदा चिडून म्हणाला. मी म्हटलं, "पावशी आहे घरी." दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

पण सगळ्यांत नवल वाटलं ते या शरीराचं. एवढं विष टोचलं, एवढं कापलं, तरी प्रत्येक डोसानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी भूक लागायची. कोण सांगत होतं त्याला? डोस संपले आणि महिन्याभरात डोक्यावर लव आली, पिल्लासारखी. मी आरशासमोर उभी राहून तिच्यावरून हात फिरवत राहायची. मी तर केव्हाच हात टेकले होते, माझं अंग मला न विचारता कामाला लागलं होतं.

*

या सगळ्या दिवसांत माय माझ्या आजाराबद्दल एक शब्द बोलली नव्हती. पण मला आंघोळ तीच घालायची. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली बाई, रोज दुपारी पाणी तापवायची, मागच्या अंगणात पाट ठेवायची आणि मला हाक मारायची. ती गडव्यानं पाणी ओतायची, मी डोळे मिटून घ्यायची.

एक दिवस पाठ चोळता चोळता तिचा हात पुढे आला आणि व्रणावर थांबला. सपाट झालेल्या जागेवर तिनं तळवा ठेवला आणि काढलाच नाही. माझ्या आत जे बावीस वर्षं धुमसत होतं ते बाहेर पडलं.

"माय, इथीच बांधलं होतं तुम्ही. मले रडू देलं नाई. जागा सांगू देली नाई. काऊन केलं असं?"

वाटलं, आता बुढी भडकणार. तिनं गडवा खाली ठेवला.

"मलेबी तसंच बांधलं होतं, माह्या सासूनं," ती म्हणाली. "तीनदा."

मी डोळे उघडले. या घरात लग्न होऊन येऊन पंचवीस वर्षं होत आली होती. मला वाटायचं, तिला एकच लेकरू झालं, माझा नवरा.

"तीन?"

"दोन पोरी, मधला पोरगा. मीबी रडली नाई. मले वाटलं तसंच करा लागते. तसंच तगते माणूस. पण त्याईची तोंडं गेली वो माह्या डोक्यातून. एकाचंबी आठवत नाई. लय आठवून पाहिलं. नाई येत."

माझंही तेच होतं आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरबाईंनाही नाही. बाळंतिणीची अंधारी खोली, अंगात कणकण. मला माझ्या मुलीचं वजन आठवायचं, टाळूचा वास आठवायचा. चेहरा आठवत नव्हता.

माय माझ्याकडे पाहत होती. "तुह्या पोरीचं आठवते," ती म्हणाली.

मी पाटावरच तिच्याकडे वळले.

"नेण्याच्या आंदी मीच धुतलं ना तिले. पाहून घेतलं सारं. म्हटलं, हिची माय पाहून नाई राह्यली, कोणी तरी पाह्यलं पाह्यजे."

"कशी होती, माय?"

ती ओल्या दगडावर फतकल मारून बसली. लुगडं भिजलं, तिला पर्वा नव्हती. आपल्याच चेहऱ्यावर बोट फिरवत सांगायला लागली. "कपाळ तुह्यावानी, मोठं. भुवया म्हणजे नुसती रेघ. नाक बसकं, आमच्या घरचं. खालचा ओठ आत ओढून झोपे. इथी, हनवटीले, हा एवढा खळगा." तिच्या सुरकुतलेल्या हनवटीवर ती जागा दाखवत होती आणि मला दिसत होतं. खरंच दिसत होतं. एकेक करून कपाळ आलं, नाक आलं, ओठ आला. बावीस वर्षांनी माझी मुलगी माझ्यासमोर आली, आणि जिच्यावर मी एवढी वर्षं डूख धरला होता तिच्या चेहऱ्यावरून आली. मी दोन्ही हातांनी पाट घट्ट धरून ठेवला होता.

"अन कान," माय म्हणाली. "उजव्या कानाची पाळी अशी दुमडलेली, पानावानी..."

बोलता बोलता ती थबकली. बोट कानाशीच राहिलं. तोंड अर्धं उघडं.

"मधल्याचाबी असाच होता वो," ती पुटपुटली. "माह्या मधल्या पोराचा. हाच कान. असाच दुमडलेला." मग लहान मुलीसारखी माझ्याकडे वळली. "आठवलं मले! रेखा, आठवलं!"

आणि ती रडायला लागली. ऐंशी वर्षांची बाई, मागच्या अंगणात भरदुपारी मोठमोठ्यानं. मी पाटावरून उठले आणि तिला कुशीत घेतलं, ज्या बाजूला छाती राहिली नव्हती त्या बाजूला. मी ओली होते, ती अर्धी भिजलेली, मग दोघीही चिंब झालो. मी म्हटलं, "सांगा माय, अजून सांगा. डोळे कसे होते त्याचे?"